टाळूवरचे केस

"मान जरा खाली करा. मागच्यांनाही दिसू दे."

बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ सर म्हणाले. पीएचडीचा आढावा होता. खोलीत वीसेक माणसं. माझा विषय लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्या बायकांची शरीरं. आमच्या वाडीतल्या बाया डोंगर उतरून दहिवलीला मोळी विकायला जातात. मी दहाव्या वर्षापासून गेले. बोलता बोलता सांगून बसले, मोळीखाली ठेवायच्या कापडी चुंबळीनं माझ्या टाळूवरचे केस गेले, ते पुन्हा आले नाहीत.

मी मान खाली केली. केस बाजूला केले. स्वतःच्या हातानं. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. मला फरशी दिसत होती आणि त्यांचे बूट.

सर म्हणाले, "हा पुरावा उत्तम आहे. पण तुम्ही जे सांगता तो पुरावा नाही. तो तुमचा अनुभव झाला."

म्हणजे टाळू चालेल. तोंड नको.

गाईड मॅडम बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "'मी' काढून टाक. 'एक उत्तरदात्री' लिही. फोटो परिशिष्टात घालू, चेहरा कापून."

मी काढला. दोन दिवस बसून एकेक 'मी' खोडला. मान दुखायची, ते वाक्यही गेलं. प्रकरण स्वच्छ झालं. वाचताना कुणाचंच काही दुखत नव्हतं.

घरी गेले तेव्हा आईला वाचून दाखवलं. ती ओट्यावर शेंगा सोलत होती. तिला लिहितावाचता येत नाही. तिनं सगळं ऐकलं.

"ही उत्तरदात्री कोन गं?"

"मीच."

"आन मोळी खाली टाकून रडली ती?"

"ती तू."

आईचे हात थांबले. "डोकं दाखवलंस त्यांना, आन तोंड लपवलंस? आमी काय चोरी केली व्हती?"

मला लाज वाटली. त्या खोलीत वाटली नव्हती एवढी.

पुढच्या आठवड्यात सरांचा फोन आला. त्यांना तो फोटो त्यांच्या लेखात हवा होता. "नाव येणार नाही, काळजी करू नका."

मी म्हणाले, "फोटो मिळणार नाही, सर. ज्यांनी काढलाय त्यांनाही पुसायला सांगा."

"संशोधनात इतकं भावनिक होऊन चालत नाही."

"मी भावनिक नाही. मी नाही म्हणतेय."

त्यांनी फोन ठेवला.  मी लगेच बसून खोडलेला एकेक 'मी' परत लिहिला.

प्रकरण शेरे मारून परत आलं. मॅडम आता माझ्याशी तुटक बोलतात. मुदत संपत आलीय. पदवी हातची जाईलही.

आईला विचारून तिचं नाव मी पहिल्याच ओळीत घातलंय. त्याखाली लिहिलंय, हे मला ठाऊक आहे, कारण हे मी वाहिलं आहे. नापास करायचं तर हे वाक्य मोठ्यानं वाचा आणि मग करा.