वेशीवरच्या पहारेकऱ्याची अर्धी ओळ

चष्म्याच्या त्या दुकानात पुढे आरसे, उजेड आणि फ्रेमा होत्या आणि मागे फिटर होता. गिऱ्हाईक पुढे बसून एकेक फ्रेम नाकावर चढवून स्वतःवर खूश व्हायचं. मागे पडद्याआड, एक माणूस उभा राहील आणि दुसरा अडकेल एवढ्या जागेत, फिटर त्या फ्रेमच्या मापाने काचा घासायचा. बावीस वर्षं घासत होता. गावातल्या अर्ध्या लोकांना जग नीट दिसत होतं ते त्याच्या हातांमुळे, पण त्यातल्या एकानेही त्याला पाहिलं नव्हतं. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. पाहिलं असतं तर काय बोलायचं, हा नवाच घोर लागला असता.

वय त्रेचाळीस. आई होती तोवर घरात दोन माणसं होती, आता एक. धाकटी बहीण लांबच्या शहरात. दर रविवारी फोन करून आधी जेवलास का विचारायची आणि मग लग्नाचं काय करायचं ते. पहिल्याला तो हो म्हणायचा, दुसऱ्याला बघू. दोन्ही उत्तरं ऐकून ती सारखाच सुस्कारा टाकायची.

मात्र एक जागा अशी होती की तिथे त्याला सुभेदार म्हणत आणि त्याच्या शब्दाला वजन होतं. जागा म्हणजे फोनमधला एक कट्टा. पत्त्यांच्या एका खेळाच्या नादी लागलेली तीसेक माणसं तिथे जमायची, आणि त्यातली सहा-सात जण रोज भांडायची.

हा खेळ आपल्या चार रंगांच्या पत्त्यांचा नव्हे. याच्या प्रत्येक पत्त्यावर एक योद्धा, जादूगार किंवा राक्षस असतो, त्याच्या ताकदीचे आकडे असतात, आणि अगदी तळाला तिरक्या बारीक अक्षरांत दोन ओळी असतात. त्या ओळींचा खेळाशी काडीचा संबंध नाही. खेळणारे त्या वाचत नाहीत, आणि वाचणारे हळूहळू खेळायचं सोडतात. फिटर अकरा वर्षांत एकही डाव खेळला नव्हता. डावाला समोर माणूस लागतो. पूर्वी मामेभाऊ यायचा. तो नोकरीसाठी गेला तो गेलाच, जाताना आपले पत्ते एका खोक्यात घालून याच्याकडे ठेवून गेला.

त्या तिरक्या ओळी जोडत गेलं की एक गोष्ट तयार होते, आणि कट्ट्यावरची भांडणं त्या गोष्टीवरून. दोन राज्यांत युद्ध झालं, तिसऱ्या लढाईत इतके शिपाई मेले की लढायला कोणी उरेना, तेव्हा एका म्हातारीने रणांगणावर राख उधळली आणि मेलेले उठून बसले. त्यांना ‘उठलेले’ म्हणतात. त्यांचे पत्ते एकूण त्रेसष्ट. सुभेदाराला एक सोडून सगळ्या ओळी पाठ. उठलेल्या ढालकऱ्याखाली लिहिलंय, ‘ढालीवरचं नाव त्याचं नाही. त्यालाही ते माहीत नाही.’ उठलेल्या तिरंदाजणीखाली, ‘तिचा नेम अजून चुकत नाही. कशावर धरायचा ते विसरली आहे.’

आता प्रश्न असा की उठलेल्यांना आपलं घर आठवतं का? शहाण्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही. कट्ट्यावर तो सात वर्षं चालू होता.

घर-बिर काही आठवत नाही, शरीर उठलं म्हणून माणूस उठत नाही, असं म्हणणाऱ्यांचा म्होरक्या होता काडेपेटी. नावाप्रमाणे वागायचा, कुठे दोघांचं जमलं असं दिसलं की हा ठिणगी टाकून मोकळा. आठवतं म्हणणाऱ्यांत मुख्य सुभेदार, आणि त्याच्यामागे एकटा ‘आजोबा’, ज्याचं वय एकोणीस होतं. एकदा काडेपेटीने असा काही मुद्देसूद समाचार घेतला की आजोबासुद्धा मनाने पलीकडे सरकला. सुभेदार एकटा पडला.

तेव्हा त्याला मामेभावाच्या खोक्यातला एक पत्ता आठवला. वेशीवरचा पहारेकरी, उठलेल्यांपैकीच. अगदी पहिल्या छपाईतला. पुढे तो पुन्हा छापलाच नाही, त्यामुळे कट्ट्यावर दुसऱ्या कोणाकडे नव्हता. वरच्या टाकीचं पाणी गळून खोकं भिजलं होतं आणि पत्त्याच्या तळाची शाई फुटली होती. दुसऱ्या दिवशी त्याने पत्ता दुकानात नेला, घड्याळजी डोळ्यात अडकवतात तसलं भिंग लावलं आणि कामाच्या दिव्याखाली धरला. लागलं ते एवढंच: ‘तो रोज संध्याकाळी’, मग डाग, मग ‘कडे तोंड करून उभा राहतो. कुणी’, पुन्हा डाग, आणि शेवटी ‘नाही.’

त्याने कट्ट्यावर ओळ टाकली: ‘तो रोज संध्याकाळी घराकडे तोंड करून उभा राहतो. कुणी विचारलं तर सांगत नाही.’

डाग त्याने आपल्या अंदाजाने भरले होते आणि अंदाज आहे हे सांगितलं नाही. दोन शब्द त्यासाठी पुरले असते. पण हरत आलेल्या माणसाला ते दोन शब्द फार जड जातात.

काडेपेटीचं उत्तर तासाभराने आलं. ‘मी हरलो. आठवतं.’

कट्ट्याच्या इतिहासात असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. आजोबाने सात हसरे चेहरे पाठवले. आणि संध्याकाळी काडेपेटीने सुभेदाराला पहिल्यांदा वेगळा, एकट्यालाच निरोप पाठवला की असली आणखी एखादी ओळ असेल तर सांग रे, बरं वाटलं वाचून.

तिथून दोस्ती लागली. चार वर्षं, रोज. काडेपेटी क्रेन चालवायचा, कुठल्या कुठल्या उंच इमारतींच्या कामावर, घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर. सकाळी शिडीने केबिनमध्ये चढला की संध्याकाळीच खाली. खालची माणसं मुंगीएवढी, बोलायला कोणी नाही. मालाच्या दोन फेऱ्यांमध्ये तो लिहायचा आणि इकडे घासायचं यंत्र गोल फिरत असताना फिटर वाचायचा. तुकडीत किती उठलेले, म्हातारीला राख कुठून मिळाली, असलं सगळं. मध्येच, आज वारा फार आहे. मध्येच, तुझी पाठ कशी आहे. पाठ कशी आहे हे आईनंतर त्याला कोणी विचारलं नव्हतं.

काउंटरवरच्या बाईंना संशय आलाच. पन्नाशीच्या होत्या, गिऱ्हाइकाचा नंबर यंत्राआधी ओळखायच्या.

“फिटर, फोन बघून हसताय. स्थळ आलंय का?”

“क्रेनवाला आहे.”

“अगं बाई,” त्या म्हणाल्या आणि थोडा विचार करून, “कमाई बरी असेल,” म्हणून पुढे निघून गेल्या.

एकदा काडेपेटीने लिहिलं की ती पहारेकऱ्याची ओळ वाचल्यापासून त्याने एक सवय लावून घेतली आहे. आपलं घर कोणत्या दिशेला येतं ते त्याने नकाशावर बघून ठेवलंय, आणि संध्याकाळी खाली उतरण्याआधी तो केबिन त्या बाजूला वळवतो आणि मिनिटभर बसतो. बायकोला सांगितलं नाही, हसेल. फिटरने ते वाचलं तेव्हा हातातली काच एका कडेला जास्त घासली गेली. ती टाकून द्यावी लागली. खरं सांगायची ती वेळ होती. त्याने ‘छान’ असं लिहिलं.

मग या वर्षी खेळ काढणाऱ्यांनीच जाहीर केलं की गोष्टीचं पुस्तक करायचंय, चाहत्यांनी लेख पाठवावेत. काडेपेटीने केबिनमध्ये बसून ‘घराची बाजू’ नावाचा चाळीस पानांचा लेख लिहिला होता, सगळा त्या एका ओळीवर उभा. तो निवडला गेला. कट्ट्यावर दिवसभर नुसती धमाल. एकच अट होती, प्रत्येक ओळीसाठी पत्त्याचा स्वच्छ फोटो हवा.

‘बाकीचे झाले,’ काडेपेटीने लिहिलं. ‘पहारेकरी तेवढा तुझ्याकडे. शुक्रवारपर्यंत टाक.’

तो मंगळवार होता. सुभेदाराने लिहिलं की पत्ता हरवलाय. पाठवलं नाही, नुसतं लिहून बघितलं. चांगलं दिसत होतं. पत्ते हरवतातच. लेख रद्द झाला असता, काडेपेटी दोन दिवस चिडला असता, आणि तिसऱ्या दिवशी त्यानेच पाठ कशी आहे म्हणून विचारलं असतं. काहीच बिघडलं नसतं. ते तसंच ठेवून तो पत्ता घेऊन दुकानात आला. कशाला आणला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी बाई गिऱ्हाइकाला नवी काच दाखवत होत्या. त्यासाठी एक जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी असते. साध्या काचेतून उजेड आरपार जातो, महागडीतून जात नाही, की गिऱ्हाईक पटलं. बाईंनी ती बॅटरी मागच्या टेबलावर आणून टाकली, विझवायची विसरून. जांभळा उजेड पहारेकऱ्याच्या तळाशी पडला, आणि फुटलेल्या शाईखालची जुनी अक्षरं वर आली.

फिटरने पडदा ओढून घेतला आणि डोळ्यात भिंग अडकवलं.

‘तो रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. कुणी वळ म्हटलं नाही.’

दुकानाच्या मालकांनी पुढून अरे म्हणून हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, बाईंनी पडदा बाजूला करून पाहिलं आणि परत लावला.

ओळ चांगली होती. नुसती चांगली नव्हे, त्रेसष्टांत एक नंबरची. आपण भरलेली ओळ तिच्यापुढे शाळेतल्या निबंधासारखी दिसत होती. आणि सगळं कोडं सुटत होतं. ढालकरी, तिरंदाजीण, सगळे याच एका ओळीच्या मागे येऊन उभे राहत होते. त्यांना आठवतं की ते विसरलेत, हा प्रश्नच नव्हता. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. सात वर्षांचं भांडण दोन्ही बाजूंनी चुकीचं होतं. हे सांगितल्यावर ज्याला कळेल असा जगात एकच माणूस होता, आणि त्यालाच सांगायची सोय नव्हती.

न सांगता राहवेना, हेही तितकंच खरं. हरवलाय लिहिलेलं त्याने पुसलं. जांभळ्या उजेडात पत्त्याचा फोटो काढला, साध्या उजेडात दुसरा काढला, आणि खाली लिहिलं की मूळ ओळ ही अशी आहे, आज पहिल्यांदा वाचता आली. तेव्हा मला अर्धीच लागली होती, बाकी मी माझ्या मनाने भरलं आणि तुला सांगितलं नाही. ते ‘घर’ माझं आहे, पत्त्यावर नाही.

पाठवून त्याने फोन उलटा ठेवला आणि सरळ सहा चष्मे बसवले. उत्तर संध्याकाळी आलं, काडेपेटीची उतरायची वेळ असते तेव्हा.

‘मग मी चार वर्षं कुठं बघत होतो?’

सुभेदाराने तीन उत्तरं लिहिली आणि तीनही खोडली. बुधवार गेला, गुरुवार गेला. कट्ट्यावर काडेपेटी दिसायचा, आजोबाला नेहमीसारखा डिवचायचा. इकडे काही नाही. यंत्र फिरायचं, फिटर फोनकडे बघायचा, मग यंत्राकडे. पाठ दुखत होती. तशी ती रोजच दुखायची, पण आता तिची बातमी द्यायला कोणी नव्हतं. बाईंनी एकदा विचारलं, क्रेनवाल्याचं काय. कामात आहे, तो म्हणाला. बाईंनी त्या दिवशी पुढची थट्टा केली नाही.

शुक्रवारी काडेपेटीने सगळ्यांसमोर लिहिलं. लेख मागे घेतोय, नवा लिहितोय, पुस्तकवाल्यांनी महिना दिलाय. पहारेकऱ्याची ओळ आजवर चुकीची वाचली गेली होती, ती आता बरोबर लागली आहे. कोणी चुकीची वाचली, ते लिहिलं नव्हतं. कट्ट्यावर गोंधळ उडाला, आजोबाने आठवतं की नाही ते एकदाचं सांगा म्हणून हात जोडले. सुभेदाराने दहा वेळा वाचून पाहिलं. आपल्याला वाचवलंय की वगळलंय, ते त्याला कळेना.

महिन्याने नवा लेख आला. नाव ‘भिंत’. पानं फक्त नऊ. पडद्याआड उभ्याउभ्या त्याने तो वाचला. एका माणसाला क्रेनच्या केबिनमध्ये दिवसभर बसून जे जे कळू शकतं ते सगळं त्यात होतं, आणि क्रेनचा उल्लेख कुठेच नव्हता. लेख फार चांगला होता. त्याच्याबरोबर चार ओळींचा निरोप होता, कचेरीतून पत्र यावं तसा. ओळ शोधल्याचं श्रेय पुस्तकात द्यायचं आहे. कट्ट्यावरची नावं ते छापत नाहीत. आपलं पूर्ण नाव कळवावं.

‘आपलं’. चार वर्षं अरे-तुरे करून.

फिटरने लिहायला घेतलं. लेख वाचून काय वाटलं ते, त्या दिवशी ‘छान’ का लिहिलं ते, आणि वारा आहे का, हेही. बरंच लांबलं. मग त्याने ते सगळं काढून टाकलं आणि आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं नीट लिहिलं. किती दिवसांनी लिहीत होता. मधलं नाव एकदा चुकून दुरुस्त करावं लागलं.

अर्ध्या तासाने उत्तर आलं. ‘मिळालं. आभारी आहे.’

बाहेर बाई कोणाला तरी सांगत होत्या की बसा, दहा मिनिटांत चष्मा होतो, मागे आमचा माणूस आहे. फिटरने पुढची काच उचलली. डावी की उजवी, ते त्याला चिठ्ठीत बघावं लागलं.