किसनदादांनी पाहिलेली मदिना

किती वाजले असं कोणी विचारलं, की किसनदादा आधी विचारायचे, "कोन्त्या घडीत?" सुलतानपुरात तेव्हा घड्याळ एकच, मी मास्तर होतो त्या शाळेतलं, आणि तेही मनाला येईल तेव्हा चालणारं. नवखा माणूस गांगरून जाई. गावाला सवय होती.

त्या प्रश्नाचं मूळ होतं पहिल्या महायुद्धात. दादा खेचरं हाकायला म्हणून मलकापूरला गाडीत बसले, ते पार समुद्रापलीकडे. पायाला गोळी लागली, तेव्हा त्यांना एका बेटावरच्या दवाखान्यात टाकलं. आमच्याकडे बेट म्हणजे बांबूचं. "बेटात राह्यला? मंग वाघ नाही आला काय बे?" असं म्हणून लोकांनी त्यांना जन्मभर पिडलं.

पाय बरा होत आल्यावर तिथल्या एका जुन्या गावी त्यांना फिरायला नेलं होतं.

"काय गाव होतं, मास्तर! चहूकून पिवया दगडाचा कोट. बोळी अशा का बैलजोडी जाऊ नये. बाया डोक्यावरून कायंकुट्ट लुगडं ओढलेल्या. देवळाले दोन घड्या, अन् दोन्हीचे काटे अलग! आत पाह्यतो तं येशूची माय उभी, अन् तिच्यापुढं एक म्हातारी 'अल्ला, अल्ला' करून राह्यली. मी लंगडत होतो. तिनं माह्या डोक्यावर हात ठेवला, अल्ला बरकत असंच काहीतरी बोलली. गावाचं नाव इचारलं, तं म्हने मदिना."

येशूच्या देवळात अल्ला कसा, हे दादांना कधीच उमगलं नाही. शेजारच्या अमीनाखालांना मात्र शंकाच नव्हती. शेजारच्या बीबी गावच्या बाजारापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या, आणि मदिना पाहायची आस तर लहानपणापासूनची. आपला शेजारी ती पाहून आला! दादांना चहा देऊन त्या म्हणायच्या, "फिरसे बोल रे किसन." दादा पुन्हा सगळं सांगायचे.

एकदा शाळेसाठी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शिक्षणखात्याकडून जगाचा नकाशा आला. मी दादांना त्यांचं बेट दाखवलं, आणि अरबस्तानातली मदिनाही. दोन्हींच्या मध्ये निळा समुद्र होता आणि पिवळं वाळवंट.

"मंग थे म्हातारी अल्ला काऊन म्हने?"

तिथले ख्रिस्ती लोकही देवाला अल्लाच म्हणतात आणि त्या गावाचं नावही मदिनाच, हे मी कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात वाचलं. त्या दिवसापासून दादा खालांचं दार टाळून मागच्या गल्लीने जाऊ लागले.

पुढे खाला अंथरुणाला खिळल्या. निरोप आला, किसनला पाठवा. दादा माझ्याकडे आले. "खोटं बोललो तं पाप लागन. खरं बोललो तं तिचा जीव तुटन. तुमी चाला संगं."

खालांचा आवाज अगदी खोल गेला होता. "बेटा, मदिना बोल."

दादा खाली बसले. "खाला, मी पाह्यली थे कोन्ती मदिना, मले नाही समजत. मास्तर म्हन्ते दुसरी हाये. पन एका म्हातारीनं अल्लाचं नाव घेऊन माह्या डोक्यावर हात ठेवला होता. येवढं खरं."

"किधर रखा था?"

दादांनी फेटा काढून डोकं पुढे केलं. खालांनी त्यावर हात ठेवला, हलकेच फिरवला, आणि तोच हात आपल्या डोळ्यांना लावला.

"वहीच मदिना," त्या म्हणाल्या.

दादा बाहेर आले. फेटा अजून हातातच होता.

"मास्तर," ते म्हणाले, "तिले न जाता समजलं. मी तं जाऊन आलो, मंग मले काऊन नाही समजत?"