मायची कंबर आणि माणूसभर भुई

त्या वर्षी आमच्या घरात कापसाला जागा होती, माणसांना नव्हती. भाव पडलेले, म्हणून बाबा विकत नव्हते. दोन्ही खोल्यांत छातीइतका कापूस. चूल अंगणात काढलेली. रात्री आम्ही कापसावरच झोपायचो, अंग खाजवत.

त्यात वेचणीच्या दिवसांत मायची कंबर धरली. कापसाची ओटी कमरेला बांधून दिवसभर वाकायचं, तर कंबर दुखणारच. पण या खेपेला तिला उठताच येईना. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. माय उठली नाही तर ढोरं, स्वयंपाक, उरलेली वेचणी माझ्यावर येणार आणि कॉलेज सुटणार. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाभुळगावच्या डॉक्टरीणबाईंनी एक व्यायाम दाखवला. उताणं झोपायचं, गुडघे वाकवून तळपाय टेकवायचे, पोट जरा आवळून कंबर हळू उचलायची. थोडं थांबायचं, हळूच खाली. माय इमानदारीनं करू लागली. एका संध्याकाळी कंबर उचलली आणि ओरडलीच, "गेली वो पोरी, आता गेलीच माही कंबर!"

पुन्हा बाभुळगाव.

"गादीवर करता का?" बाईंनी विचारलं.

"नाही जी, कापसावर. दुखत्या पाठीले मऊ बरं म्हनून."

"अहो, पाय रुतले की सगळा जोर कमरेवर येतो! खाली कडक पाहिजे. जमिनीवर सतरंजी टाका, बस."

जमीन होती कुठे? घरी आल्यावर मी म्हटलं, "अंगणात कर."

"लोकाईसमोर कंबर उचलू काय? कॉलेजात हेच शिकून राह्यली का?"

बाबा ऐकत होते. सकाळी त्यांनी बैलबंडी जुंपली आणि कापूस भरायला लागले.

"कायले नेता? भाव कुठी हाय?" माय पडल्या पडल्या म्हणाली.

"तुले लोळाले जागा पायजे ना."

मिळेल त्या भावात देऊन आले. एक माणूस आडवा होईल एवढी भुई निघाली. ती मी सारवली, वर सतरंजी टाकली.

मग रोज सकाळी एसटीच्या आधी मी तिच्याजवळ बसायची. हातात पुस्तक, नजर तिच्या टाचांवर. सुरुवातीला कंबर भुईवरून सुटायचीही नाही. तिनं श्वास रोखला की माझाही अडकायचा. एकदा चुकून कण्हली, तर त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही.

आणि एका सकाळी कंबर वर गेली, वरच थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "पाहून काय राह्यली? गाडी चुकन न तुही!"

उन्हाळा लागेस्तोवर माय विहिरीवरून भरली घागर आणू लागली. मी परीक्षेला बसले, पास झाले. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं करणारी मी पहिली.