जर्सी सिटीतले पांढरे केस

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की उठून जाणाऱ्यांतली मी. नागपूरला मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं, इथे अमेरिकेत लॅबमध्ये नोकरी करते. घाण म्हणजे बॅक्टेरिया, विषय संपला. आणि खरं सांगू? हे लिहिताना भीतीपेक्षा किळस जास्त येतेय. जेवता जेवता वाचत असाल तर आधी ताट संपवा.

२००६चा लेबर डे वीकेंड, सप्टेंबरातली तीन दिवसांची सुट्टी. आम्ही ओहायोत, डब्लिनला राहायचो – मी, नवरा समीर आणि चार वर्षांची इरा. पुण्याहून सासूबाई आल्या होत्या, त्यांना न्यूयॉर्क दाखवायचं होतं. समीरला हुक्की आली – ओटा, बिछाने सगळं आत असलेली आरव्ही भाड्यानं घ्यायची आणि जर्सी सिटीतल्या कॅम्पग्राउंडवर मुक्काम करायचा. "फेरीबोटीत बसलं की मॅनहॅटन, यार!"

कॅम्पग्राउंड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर झाडं, तळं... कसलं काय! खडी टाकलेला पार्किंग लॉट. एकीकडे बोटी दुरुस्त करायचं यार्ड, दुसरीकडे टॉवरचं बांधकाम, कुंपणापलीकडे ट्रक आणि हॉर्न. गाड्या इतक्या चिकटून, की शेजाऱ्यांच्या बेकनचा वास आमच्या पांघरुणांना.

सकाळी बायकांच्या बाथरूममध्ये गेले. सगळ्या शॉवरचं पाणी एकाच जाळीकडे जायचं आणि ती तुंबलेली. घोट्यापर्यंत कोमट, बुळबुळीत, दुसऱ्यांच्या अंगाचं पाणी. त्यात लांब पांढऱ्या केसांचा गुंता तरंगत माझ्या पायाला लागला. शी! आंघोळ न करताच परत आले.

चहा केला. पहिल्याच घोटाला जिभेवर केस. ओढला तर लांबलचक, पांढरा.

"तुझाच असेल," समीर म्हणाला.

"माझा बॉबकट आहे, काळा! आणि आईंचे मेंदीनं तांबडे आहेत."

"मग टाकीच्या पाण्यात असेल. इतकं काय अगं?"

चहा ओतून टाकला. आदल्या दिवशी आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेलं थेपल्यांचं सीलबंद पाकीट त्याच्यासमोर कात्रीनं फोडलं. प्रत्येक थेपल्याखाली केस... ओले. सासूबाईंनी ताट लांब सारलं.

"समीर, इथलं काही तोंडात घालू नकोस. गाडी काढ."

"आई, तू पण ना! फॅक्टरीत हेअरनेट घालत नसतील."

तेवढ्यात इरा खोकायला लागली. तिनं फक्त केळं खाल्लं होतं, मीच सोलून दिलेलं. खोकता खोकता आवाज बंद झाला, ओठ निळसर पडले. मी तिला मांडीवर पालथं घालून पाठीवर थापट्या मारल्या. समीर 'इरा, इरा' करत नुसताच उभा. मग तिच्या तोंडाशी काहीतरी लोंबताना दिसलं. चिमटीत धरून हलकेच ओढलं, आणि ते येतच राहिलं. ओलं, थंड, जाळीजवळच्या त्या पाण्याच्याच वासाचं.

वेणी होती. पांढऱ्या केसांची, नीट घातलेली तीनपेडी बारीक वेणी. टोकाला विटक्या रिबिनीची गाठ.

इरा रडली तेव्हा जिवात जीव आला. मी दाराबाहेर जाऊन ओकले.

समीर ती वेणी पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात भांडायला गेला आणि लगेच परतला. गाडीला जोडलेली विजेची वायर, पाण्याचा पाइप काढला, गाडी सुरू केली. पेनसिल्व्हेनिया लागल्यावर कुठे तोंड उघडलं. "त्या माणसानं काही विचारलंच नाही गं. काउंटरखालची बादली पुढे सरकवली, म्हणाला, यात टाका. झाकण काढलं तर..." हायवेच्या कडेला गाडी थांबवून तोही ओकला. बादली अर्धी भरलेली होती, एवढंच नंतर कळलं.

घरी पोचल्यावर डॉक्टरांनी इराचा घसा तपासला. साधा ओरखडाही नव्हता. त्यानंतर तो प्रकार पुन्हा कधी झाला नाही. टाकीचं पाणी घाण होतं, हे समीरचं म्हणणं मला पटवून घ्यायचंय. पण टाकीत वेणी कोण घालतं? हे विचारलं की तो उठून जातो.

इराला यातलं काही आठवत नाही. परवा हट्ट धरून बसली, "मम्मा, ब्रेड माय हेअर, वेणी घाल ना." मी कंगवा घेतला, तिच्या केसांचे तीन पेड केले... आणि तोंडावर हात दाबून बेसिनकडे धावले.