गुलजारबींच्या डब्याची दोरी

नाशिकच्या भद्रकालीत बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या गुलजारबी ऐंशीच्या घरात आल्या, तरी मनगट हाती घेताच न मोजता माप सांगतात. नवरीचा हात न दुखवता चुडा चढवायचा, हीच त्यांची सेवा. जगन्नियंत्याच्या दरबारी ती रुजू होत नसेल, असे कोण म्हणेल?

त्यांचे अब्बा तरुणपणी मूकपटांच्या तंबूत पडद्याशेजारी उभे राहत. चित्रे बोलत नसत, आणि पडद्यावरची अक्षरे चांदवडच्या यात्रेतल्या बायाबापड्यांना वाचता येत नसत. म्हणून अब्बा बोलत. राजाचा दरारा त्यांच्या गळ्यातून येई, आईचा हुंदकाही त्याच गळ्यातून. पुढे बोलपट आले आणि बोलणारा माणूस मुका झाला.

अब्बांनी बांगड्यांचा धंदा धरला. जुन्या चित्रपटांच्या फिती तेव्हा वजनावर मिळत. सोड्याच्या गरम पाण्यात चित्र धुऊन काढायचे आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या वळायच्या. एकदा गोणीतून निघाला तो त्यांचाच लाडका मूकपट, 'बंदिशाळेची लेक'. ज्या माणसाने त्याला वाचा दिली, त्याच्याच हातांनी तो धुतला जायचा होता. आणि त्याची दुसरी प्रत पुढे कुणालाही सापडली नाही.

अब्बांचा एक नेम होता: पाण्यात सोडण्यापूर्वी फितीची कथा पहिल्यापासून सांगायची. त्या दिवशी ऐकायला होती आठ वर्षांची गुलजार. क्रांती पेटलेली, प्रजा राजवाड्यावर चालून आलेली, अंधारकोठडीत निरपराध कैदी. जेलरची लेक बापाच्या कमरेची किल्ली काढते. कैदी धावत सुटतात. ती मात्र पळत नाही. मागे राहिलेल्या लंगड्या म्हाताऱ्यासाठी दार धरून उभी राहते, आणि मग दोघे मिळून उन्हात बाहेर पडतात.

ही कथा गुलजारबींनी किती मनगटांना सांगितली! चुडा चढताना मुली ऐकत राहत आणि दुखणे विसरत.

चार वर्षांपूर्वी मात्र शेजारचे मनोज, चित्रपटगृहात हयातभर यंत्र चालवून निवृत्त झालेले, हसत म्हणाले, "आपा, असल्या चित्रात नायिका मरतेच. समोर पोर बसलेली पाहून अब्बांनी तिला जगवली असेल."

त्या दिवसापासून कथा बंद झाली. गुलजारबी रुसल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. शेवट खोटा असेल, तर बाकीचे खरे कशावरून? मनगटे येत, मुकाट्याने भरून जात.

गेल्या हिवाळ्यात नात आफियाने चुड्याचा जुना डबा उघडायला घेतला. अब्बांच्या काळापासून तो एका काळपट, चपट्या दोरीने बांधलेला असे. गुलजारबी ती रोज सोडत, रोज बांधत. सातपूरच्या कारखान्यात भिंगाखाली सुटे भाग तपासणाऱ्या त्या पोरीचे बोट दोरीच्या कडेच्या भोकांवर थांबले.

"दादी, ही दोरी नाही. फीत आहे."

गुलजारबींनी ती परत बांधायला सांगितली. आफियाने कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ही त्याच पटाची असली आणि अब्बा खोटे निघाले, तर मी कुणाची लेक म्हणून जगू?"

दुपारची नमाज झाली. जानमाजची घडी घालताना त्या शांतपणे म्हणाल्या, मनोजभाऊंना बोलाव. पाहायचेच तर त्यांच्यासमोर पाहू.

दोन हात लांबीची फीत. आफियाने एकेका चौकटीचे छायाचित्र मोबाइलवर घेतले आणि पन्नासेक चित्रे एकापाठोपाठ चालवली. जेमतेम तीन सेकंद. अंधारे दार. ते हाताने धरून उभी असलेली एक मुलगी. कडेने आधी काठी आली, मग एक वाकलेला खांदा. आणि मग दोघेही शुभ्र उजेडात.

मनोजांनी पुन्हा चालवायला सांगितले. तिसऱ्यांदा पाहून त्यांनी चष्मा काढला.

"आपा, अब्बांनी तिला जगवली नाही. ती जगलीच होती."

गुलजारबींनी दोरी कपाळाला लावली. सारी फीत धुणाऱ्या बापाने एवढाच तुकडा पाण्यापासून राखला होता, आणि लेक रोज उघडेल त्या डब्यालाच तो बांधला होता.

तेवढ्यात साखरपुड्याचा चुडा भरायला तेजस्विनी नावाची मुलगी आईबरोबर पायरी चढली. मनोज उठले नाहीत; सरकून बसले. गुलजारबींनी मुलीचे आखडलेले मनगट हाती घेतले.

"हात सैल सोड, बाळ. एका तुरुंगात जेलरची एक लेक होती..."