अण्णांनी ठेवून घेतलेली टोपी

कॅमेऱ्याची पिशवी उघडली की जुन्या चामड्याचा आणि मशीनच्या तेलाचा वास येतो, आणि मी पुन्हा कोल्हापुरात, कॅमेरे दुरुस्त करून विकणाऱ्या अण्णांच्या दुकानात उभी असते.

जमवलेल्या पैशांत मला चकचकीत रेंजफाइंडर कॅमेरा हवा होता. अण्णांनी पोचा आलेला पुढं केला. "पैसं भिंगात घाल की, पोरी! डब्याला पोचा आला म्हणून फोटूला येत न्हाय."

मी डोळा लावला. समोरचा पानपट्टीवाला दोनदा दिसत होता. भिंगाचं कडं फिरवलं तसे ते दोघे हळूच सरकत एक झाले. हरखून मी बटण दाबलं.

"काळा फोटू आला बघ," अण्णा म्हणाले. भिंगावर झाकणाची टोपी तशीच होती! या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघतच नाही, वरच्या छोट्या खिडकीतून बघतो. अण्णांनी टोपी काढून स्वतःच्या खणात टाकली. "ही देत न्हाय. आता भिंग तूच जपायचं."

तेव्हा म्हातारा चिक्कू वाटला होता. आज तीस वर्षांनी ते भिंग उजेडात धरते, तर एक ओरखडा नाही. टोपीनं इतकं जपलं नसतं.