ऐकीव बदक

थक्क होणं हा नरहर उपासन्यांच्या मते अपुऱ्या माहितीचा परिणाम होता. माणसाला आधीच नीट माहिती असेल तर त्याचं तोंड उघडं पडायचं कारणच काय? तरुणपणी ते पुण्याहून भोपाळला, बरखेड्याच्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले. घराएवढं अवजड यंत्र क्रेनला लटकून डोक्यावरून गेलं तेव्हा बरोबरीची पोरं आ वासून उभी राहिली. नरहररावांनी एवढंच विचारलं, "साखळी तपासली आहे ना?" लग्नात अंतरपाट दूर झाला, समोर नटलेल्या लीलाबाई उभ्या होत्या, तेव्हा ते "मुहूर्त टळला नाही ना?" असं भटजींना म्हणाले. हे लीलाबाई अजून पाहुण्यांना सांगतात, आणि नरहरराव अजून सांगतात की प्रश्न रास्त होता.

अशा माणसाच्या डोळ्यांच्या पडद्याचा नेमका मधला भाग झिजला. कडेकडेचं सगळं दिसे, मधलं नाहीसं होई. भिंत दिसे, तिच्यावरचं घड्याळ दिसत नसे. समोरच्या माणसाचे कान दिसत, तोंड दिसत नसे. "काहींच्या बाबतीत ही सोयच आहे," असं ते म्हणत. पण वर्तमानपत्राचे समास तेवढे राहिले आणि मजकूर गेला, त्यावर मात्र त्यांना विनोद सुचला नाही.

तेव्हापासून वाचन लीलाबाईंकडे आलं. भोपाळच्या बाग सेवनिया वस्तीतल्या त्यांच्या गॅलरीत रोज सकाळी नागपूरहून येणारं मराठी वर्तमानपत्र, एक दिवस शिळं, मोठ्याने वाचलं जाई. आणि रोज सकाळी भांडण होई, ते 'च'वरून.

मराठीत च दोन आहेत. लिहायला एकच, बोलायला दोन. एक चिमणीतला आणि दुसरा चाकातला, जिभेचं टोक दातांना टेकवून काढायचा. हिंदीचं एका चवर भागतं. राजधानी हलली तेव्हा लीलाबाईंचे वडील नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आले. बाई इथे जन्मल्या, इथल्या हिंदी शाळेत शिकल्या आणि तो दुसरा च वाटेत इटारसीलाच उतरला असावा. त्या 'च्यांगलं' म्हणत, 'च्याक' म्हणत.

"चूक," नरहरराव म्हणत.

"काय च्युकलं?"

"हेच."

असा हा संसार. शिवाय बाई मजकुराच्या मध्ये स्वतःचं मत घालत आणि न आवडलेलं गाळत. "पुढच्या पानावर काय आहे?" असं विचारलं तर म्हणत, "काही नाही, सगळे मेलेत." की पान उलटलं.

एक बातमी तेवढी नरहरराव न कुरकुरता ऐकत. मोठ्या तलावावर, बोट क्लबपाशी, वाकड्या चोचीचं एक बदक होतं. ते नावाड्याचे पोहे पळवी. साहेबांच्या मोटारीच्या टपावर बसे. 'नौकाविहार बंद' ही पाटी त्याने आपली बैठक म्हणून ताब्यात घेतली होती. आठवड्यातून एकदोनदा त्याचं काहीतरी छापून येई.

"हे लिहितं कोण?" एकदा नरहररावांनी विचारलं.

"आमच्या प्रतिनिधीकडून," लीलाबाई म्हणाल्या. "आणि काल त्या वाकड्या च्योचीच्या बदकाने..."

"चोचीच्या. पहिला च दातातला, दुसरा टाळूचा."

"बदकाला कळतंय ते."

नरहररावांना आता आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती. स्वतःचं वाचन स्वतः करायचं. मध्ये कुणाचं मत नको, गाळणी नको, आणि च तर मुळीच नको.

वरच्या मजल्यावर राहणारी स्वरदा हेच घडवणार होती. ती आणि तिचे दोन मित्र घरच्या संगणकावर चालणारा एक प्रोग्राम तयार करत होते. पडद्यावरचा मराठी मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवणार होता. नाव होतं 'ऐकीव'. आधी बीटा आवृत्ती येणार होती. बीटा म्हणजे पुरता तयार नसलेला प्रोग्राम मोजक्या लोकांना वापरायला द्यायचा आणि त्यांनी चुका काढायच्या, असं स्वरदाने समजावलं.

"नव्या सुनेचं पहिलं वर्ष," लीलाबाई म्हणाल्या. "कळलं."

बीटा पाडव्याला येणार होती. मग अक्षय्य तृतीयेला. मग पावसाआधी. जिन्यात गाठ पडली की स्वरदा म्हणे, "आजोबा, झालं समजा." हे भोपाळी मराठी आहे, 'हो गया समझो'चं भाषांतर. यात सगळा भार 'समजा'वर असतो, हे नरहररावांना पक्कं ठाऊक होतं. कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात असताना त्यांनी स्वतः उभ्या देशाला 'झालं समजा' सांगितलं होतं.

वाट पाहणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप झाला. उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठी स्वयंपाक वाढत जातो, तशा तिथे अपेक्षा वाढत गेल्या. कोटरा सुल्तानाबादचे गजाननराव मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांना प्रोग्रामने डॉक्टरांचं अक्षर वाचायला हवं होतं. विजयाताईंना पोथी सोवळ्या आवाजात हवी होती आणि वीजबिल हळू आवाजात, शेजारी ऐकू जाणार नाही असं. एकाने विचारलं की तो सुनेचे निरोप वाचेल तेव्हा त्यातला टोमणा कळेल का. आणि सगळ्यांत कडक निरोप नरहररावांचे, बोलून पाठवलेले. "तारीख म्हणजे शब्द. शब्द न पाळणाऱ्यांनी शब्द वाचणारी यंत्रं करू नयेत." याला गजाननरावांनी अंगठ्याचं चित्र टाकलं, विजयाताईंनी फुलाचं.

गणपतीच्या जरा आधी स्वरदा लॅपटॉप घेऊन खाली आली. "आजोबा, तुम्ही सगळ्यात जास्त ओरडता. तर सगळ्यात आधी तुम्ही."

यंत्राने स्वच्छ, गोड आवाजात वाचायला सुरुवात केली. आवाज स्वरदाचाच होता, नमुन्यासाठी तिने तासन्‌तास बोलून तो यंत्रात भरला होता. नरहररावांची मान किंचित पुढे आली. कुणी न वाचता अक्षरं आपण होऊन बोलत होती. त्यांच्या चेहऱ्यावर थक्क होण्याची पहिली लक्षणं दिसू लागली, तोच यंत्र म्हणालं, "आज भोपाळमध्ये हवामान च्यांगले राहील."

आतून, स्वयंपाकघरातून, लीलाबाईंचं हसू ऐकू आलं.

"हे यंत्र चुकीचा च म्हणतंय," नरहरराव म्हणाले.

"कुठला च?" स्वरदाने विचारलं.

तेव्हा खरी गोम उघडी पडली. पोरगीही भोपाळचीच. तिला दुसरा च बोलता येत नव्हता एवढंच नव्हे, तो तिला ऐकूच येत नव्हता. नरहररावांनी चमचा, चव, चटणी असं एकेक म्हणून दाखवलं. ती ऐके आणि म्हणे, "सेम तर आहे." शेवटी त्यांनी तिला जिभेचं टोक दातामागे टेकवायला लावलं. "आता म्हण, चूक." बरीच थुंकी उडाल्यावर तिच्या तोंडून तो अक्षरशः सांडला. तिने तो पुन्हा एकदा म्हणून पाहिला. मग हळूच म्हणाली, "आजोबा, हा आवाज मी आयुष्यभर ऐकते आहे. मला वाटायचं तुमची कवळी सैल आहे."

"पण मग मतलब, नियम काय?" ती सावरून म्हणाली. "कुठे हा, कुठे तो?"

"सोपं आहे. पुढे इ किंवा ए आला की टाळूचा, नाहीतर दातातला. चिमणी, चेहरा. चाक, चोर."

तिने तसं यंत्राला सांगितलं. यंत्र म्हणालं, "त्सहा घ्या." मग म्हणालं, "त्संद्र उगवला." लीलाबाईंना पदर तोंडाला लावून बाहेर यावं लागलं.

"चहाचा वेगळा," नरहरराव म्हणाले. "आणि चंद्राचा. तो संस्कृत आहे."

"चहा पण संस्कृत?"

"नाही." ते थांबले. "चार बघ. चार टाळूचा आणि चारा दातातला. चार म्हणताना एक, आणि चौदा म्हणताना..." त्यांनी स्वतःशीच म्हणून पाहिलं. चार. चौदा. चाळीस. चारचं सगळं गोत्र दातांत राहत होतं आणि एकटा चार टाळूला. "घरचा. घरची. घरचं." एका शब्दाचा च लिंग बदललं की घर बदलत होता. "माझा. माझी." झ सुद्धा. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. एकदाही अडखळले नव्हते, हजारो शब्द, जन्मभर, प्रत्येक आपापल्या जागी, आणि का ते त्यांना सांगता येईना. जे येतं म्हणून त्यांनी बायकोला उभा जन्म टोकलं, ते त्यांना येत होतं पण माहीत नव्हतं.

खुर्चीतून त्यांना स्वरदाचे कान दिसत होते. त्या कानांना ते म्हणाले, "हे मी कसं करतो?"

लीलाबाईंनी हसणं थांबवलं. हा सूर त्यांनी अंतरपाट दूर झाला तेव्हाही ऐकला नव्हता.

बीटा गणपतीला आली नाही. स्वरदाने ग्रुपवर कळवलं की उच्चारांवर काम सुरू आहे, एका ज्येष्ठ सदस्यांच्या आग्रहावरून. गजाननरावांनी लगेच नरहररावांचा जुना निरोप परत पाठवला, "तारीख म्हणजे शब्द." खाली पुस्ती जोडली, "हा आगाऊ ज्येष्ठ कोण?" विजयाताई म्हणाल्या की त्यांना कुठल्याही चने वाचलेली पोथी चालेल, देवाला सगळे च सारखे. नरहररावांनी ग्रुप बाजूला ठेवला. दुपारभर ते यंत्रासमोर शब्द म्हणत बसत, जात्यात दाणे टाकावेत तसे, आणि स्वरदा ते भरून घेई. मधल्या वेळात त्यांनी चाचपडत कळफलकावर बोटं बसवून घेतली. परीक्षेला त्यांनी एकच शब्द ठेवला होता, चोचीचं. एका शब्दात तीन च, दात, टाळू, दात. हा ज्याला जमला त्याला मराठी जमली. दसऱ्याच्या आसपास यंत्राने तो असा म्हटला की नरहररावांनी मान डोलावली आणि म्हणाले, "सोड बीटा."

बीटा सुटली. ग्रुपवर तासाभरात तक्रारी सुरू झाल्या. गजाननरावांच्या डॉक्टरांचं अक्षर त्याला वाचता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई सवयीने वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत आल्या. नरहरराव आत संगणकासमोर बसले होते, कानांवर हेडफोन. त्या जरा वेळ उभ्या राहिल्या, मग भाजी निवडायला गेल्या.

आत नरहरराव तेच वर्तमानपत्र संगणकावर वाचत होते. स्वतः. अग्रलेख, बाजारभाव, निधनवार्तासुद्धा, सगळं न गाळता, प्रत्येक च आपल्या जागी. मन भरेपर्यंत त्यांनी वाचलं. मग त्यांना बदक आठवलं. आजच्या अंकात नव्हतं, कालच्यात नव्हतं. स्वरदाने मागचे अंक शोधायची सोय दाखवली होती. त्यांनी कळफलक चाचपत 'चोच' असं टंकलं आणि दोन वर्षं मागे पाठवलं.

"एकदा आढळले," यंत्र म्हणालं, आणि निर्दोष उच्चारात वाचू लागलं. गेल्या वर्षीच्या थंडीतल्या तीन ओळी होत्या. बोट क्लबजवळ नौकेचा धक्का लागून चोच मोडलेल्या बदकाचा उपचारांदरम्यान मृत्यू झाला.

नरहररावांनी पुन्हा शोधलं. बदक, तलाव, नावाडी, पोहे. मोटारीचा टप सापडला नाही. पाटीवरची बैठक सापडली नाही.

त्यांनी हेडफोन काढले. म्हणजे त्या सकाळी बाईंनी ती बातमी मनात वाचली होती, आणि मोठ्याने वाचताना ते बदक मरू दिलं नव्हतं. चोच वाकडी ठेवून जगवलं होतं. डोळे गेल्याचं नक्की झालं, ती तीच थंडी. तेव्हापासून आठवड्यातून एकदोनदा, छापील पानावर नजर ठेवून, एकदाही न अडखळता, जे लिहिलेलंच नाही ते त्या वाचत आल्या होत्या. आणि ते दर वेळी मध्येच त्यांचा च दुरुस्त करत होते.

नरहररावांचं तोंड उघडं पडलं होतं. माहिती पुरी असताना. मोठ्या कष्टाने त्यांनी ते मिटलं.

गॅलरीत लीलाबाई मेथी निवडत होत्या. त्यांच्या समोरच्या खुर्चीत येऊन ते बसले. बाईंचे कान दिसत होते, कुड्या दिसत होत्या, तोंडाच्या जागी सकाळचा धूसर उजेड.

"वाच," ते म्हणाले.

"तुमचं यंत्र आहे की. शुद्ध."

"आहे. पण त्याला बदक येत नाही."

मेथीची जुडी खाली ठेवल्याचं त्यांना ऐकू आलं. मग वर्तमानपत्र उलगडल्याचा आवाज आला. कुठलंही पान असेल.

"आमच्या प्रतिनिधीकडून," लीलाबाईंनी सुरुवात केली. "वाकड्या च्योचीच्यं बदक काल बोट क्लबच्या तिकीट खिडकीत शिरलं..." त्या थांबल्या. सवयीप्रमाणे टोकण्याची वाट पाहत.

"पुढे?" नरहरराव म्हणाले.